सोन्याच्या डोंगरावर बाबांसोबत पाच दिवस

बाबा जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सॅन होजेला आलेत. वय पंच्याहत्तर, माझगाव डॉकमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, देवळं आणि धबधबे बघून दोन आठवड्यात कंटाळले. त्याच सुमारास लेक शाळेतला कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचा धडा वाचत बसली होती, त्यात एक ओळ होती की चिनी मजुरांनी रेल्वे बांधली, तर तिने विचारलं की त्यांची नावं काय होती? मला एकही सांगता आलं नाही. बाबा म्हणाले, "अगं आपल्या माझगावात चिन्यांचं देऊळ आहे, सी यप कून, नवाब टँकजवळ, लहानपणी आम्ही जिना चढून अगरबत्तीचा वास घ्यायला जायचो."

मी सहज सी यप म्हणजे काय ते शोधलं आणि थक्क झाले. सी यप म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात पर्ल म्हणजे मोती नदीच्या मुखाजवळचे चार तालुके, आणि १८५० नंतर कॅलिफोर्नियात आलेले बहुतेक चिनी लोक याच चार तालुक्यांतले. कोणी जहाजाने इकडे आला, कोणी मुंबईच्या गोदीत उतरला. माझगावचं देऊळ १९१९ चं. तेव्हाच ठरलं की पाच दिवस काढायचे आणि ही सगळी ठिकाणं बाबांना दाखवायची, खरं तर मलाच बघायची होती, चौदा वर्षं इथे राहून मी चायनाटाउनला फक्त जेवायला गेले होते.

दिवस पहिला, सॅन फ्रान्सिस्को

सकाळच्या कॅलट्रेनने गेलो. जुलै असून धुकं आणि गार वारा, बाबांनी कानटोपी घातली.

सुरुवात पोर्ट्समथ स्क्वेअरपासून केली. म्हातारी मंडळी पुठ्ठ्यांवर पत्ते मांडून बसलेली, बाबा त्यांच्या मागे उभं राहून दहा मिनिटं डाव बघत होते. चिनी लोक या शहराला दाय फाउ म्हणायचे, मोठं शहर, आणि सॅक्रामेंटोला यी फाउ, दुसरं शहर. आणि अख्ख्या कॅलिफोर्नियाला गम सान, सोन्याचा डोंगर. सोनं सापडलं १८४८ च्या जानेवारीत, आणि १८५० मध्येच परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलरचा कर बसवला, तो एवढा जबर होता की मागे घ्यावा लागला, मग १८५२ मध्ये परत आणला महिना ३ डॉलरने आणि तो मुख्यतः चिन्यांकडूनच वसूल व्हायचा. १८५४ मध्ये राज्याच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. खून झाला होता एका चिनी खाणकामगाराचा, बघणारे साक्षीदार चिनी होते, आरोपी सुटला. म्हणजे त्यानंतर कोणीही येऊन लुटावं, मारावं, आणि बघणारा चिनी असेल तर कोर्टाच्या लेखी कोणी बघितलंच नाही. हे मी बाबांना तिथल्या बाकावर बसून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग वेव्हर्ली प्लेसवरचं टिन हाउ देऊळ. एकदम वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा, बाबा मध्येच थांबून म्हणाले "अगदी माझगावसारखाच." समुद्राची देवी आहे ती, दर्यावर जाणाऱ्यांना सांभाळणारी, आपल्या कोळ्यांना एकवीरा तशी. १८५२ पासूनचं देऊळ मानतात, इमारत मात्र १९०६ च्या भूकंपानंतरची. लाल कंदिलांनी छत भरलेलं. बाबांनी चप्पल काढली आणि हात जोडले.

भूकंपानंतर शहरातल्या पुढाऱ्यांना चायनाटाउन गावाच्या टोकाला हलवायचं होतं, जागा मोक्याची होती ना. चिनी व्यापारी हटले नाहीत, उलट त्यांनी गोरे आर्किटेक्ट आणून पॅगोडासारखी छपरं असलेल्या इमारती बांधून घेतल्या म्हणजे पर्यटक येतील आणि कोणी आपल्याला उठवणार नाही. ज्या छपरांसमोर आपण सेल्फी काढतो ती जीव वाचवायला बांधलेली आहेत, हे कळल्यावर तो रस्ता मला वेगळाच दिसायला लागला.

क्ले स्ट्रीटवरच्या चिनी इतिहासाच्या संग्रहालयात त्या काळची व्यंगचित्रं बघितली, चिनी माणूस कधी उंदीर खाणारा, कधी टोळधाड. लेकीला काही चित्रांपासून मी दूर ठेवलं, नंतर वाटलं तिने बघायला हवी होती. तिथेच लाँड्रीवाल्यांची गोष्ट कळली. खाणीतून हाकलले म्हणून लोक कपडे धुवायला लागले तर शहराने नियम काढला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवानगी लागेल. अर्ज करणाऱ्या साधारण २०० चिन्यांपैकी कोणालाच नाही, आणि बिगरचिनी अर्जदारांत एक सोडून सगळ्यांना मिळाली. यिक वो नावाच्या लाँड्रीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८८६ मध्ये कोर्टाने सांगितलं की कायदा कागदावर सरळ दिसला तरी वापरताना भेदभाव झाला तर तो चालणार नाही. हे लोक मुकाट सोसत नव्हते, वकील लावत होते, वर्गणी काढत होते, वर्षानुवर्षं लढत होते!

शेवटी आम्ही सॅक्रामेंटो स्ट्रीटवर गेलो. याच रस्त्यावर १८७३ मध्ये वोंग किम आर्कचा जन्म झाला. आचारी होता. आईबापाला भेटायला चीनला गेला आणि १८९५ मध्ये परत आला तर त्याला उतरू दिलं नाही, म्हणाले तू नागरिकच नाहीस. कित्येक महिने बंदरातल्या जहाजांवर ठेवला. तो लढला आणि १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की इथे जन्मलेला इथला नागरिक, आईबाप दुसऱ्या देशाचे असले तरी. आमचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय, मी आणि नवरा अजून एच वन बीवर, पण लेकीचा अमेरिकेचा पासपोर्ट आहे, तो या आचाऱ्यामुळे. ट्रम्प यांच्या जानेवारी २०२५ च्या आदेशानंतर तोच हक्क परत कोर्टात गेला तेव्हा त्याचं नाव बातम्यांत वाचलं होतं, पण त्याच्या रस्त्यावर लेकीचा हात धरून उभं राहणं वेगळं होतं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग एक नाव मिळालं."

दिवस दुसरा, एंजल आयलंड

टिब्युरॉनहून फेरी, जेमतेम दहा मिनिटं. मागे टॅमलपाइस डोंगर दिसत होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर पक्षाचे क्रांतिकारक होण्याआधी त्याच भागात सॅन राफेलच्या लष्करी शाळेत शिकले. बाबांना खानखोजे माहीत होते, मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रज्ञ झालेले, पण ते इथे होते हे माहीत नव्हतं.

बेटावर उतरल्यावर बाबांच्या गुडघ्यांसाठी शटल घेतली. इमिग्रेशन स्टेशन, म्हणजे जहाजाने आलेल्यांना चौकशीसाठी अडकवून ठेवायचे ती जागा, दुसऱ्या बाजूला, हिरव्या उतारावर, समोर निळं पाणी. एवढी सुंदर जागा की तुरुंग वाटतच नाही. १९१० ते १९४० चालू होतं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना देशाचं दार बंद केलं होतं, पहिल्यांदा दहा वर्षांसाठी, मग १८९२ मध्ये वाढवलं आणि प्रत्येक चिनी मजुराला रहिवासाचं प्रमाणपत्र जवळ बाळगायची सक्ती केली, १९०२ मध्ये कायमच. फक्त व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक असे काही जण आणि नागरिकांची मुलं येऊ शकत. १९०६ च्या आगीत शहराचं जन्माचं रेकॉर्ड जळालं, मग बऱ्याच जणांनी सांगितलं आम्ही इथेच जन्मलो, आणि गावाकडे इतकी मुलं आहेत. त्या मुलांच्या जागा विकल्या जायच्या, कागदावरचे मुलगे. आयुष्यभर दुसऱ्याचं आडनाव लावून जगायचं, थडग्यावर सुद्धा.

ते ओळखायला इथे चौकशी व्हायची. तुमच्या गावात किती घरं, तुमच्या घराला पायऱ्या किती, तांदळाचा रांजण कुठे असतो, शेजाऱ्याच्या बायकोचं नाव काय. मग तेच प्रश्न बापाला वेगळ्या खोलीत, आणि उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवायचं. म्हणून जहाजावर लोक उत्तरांच्या वह्या पाठ करायचे आणि बंदर जवळ आलं की वही समुद्रात टाकायचे.

इथे बाबा एकदम म्हणाले, "माझी पण वही होती." व्हिसाच्या मुलाखतीआधी माझ्या भावाने त्यांच्याकडून महिनाभर गच्चीवर उत्तरं घोकून घेतली होती, मुलगी काय करते, किती कमावते, तुम्ही परत का येणार. एका जुन्या डायरीत लिहून. मला कोणी सांगितलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "खरं होतं सगळं, तरी खोटं बोलतोय असं वाटायचं, चुकलो तर काय म्हणून पोटात गोळा." आम्ही दोघं तिथेच एका खाटेजवळ उभे राहिलो. लोखंडी तीन मजली खाटा, एकावर एक, एका खोलीत शेकडो माणसं, काहींना दोन आठवडे ठेवलं, काहींना वर्षाहून जास्त.

आणि भिंती. लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता, दोनशेच्या वर. आधी शाईने लिहिलेल्या, सरकारने वरून रंग लावला, मग लोक कोरायला लागले, कोरलेलं लांबी भरून परत रंगवलं, आणि त्या रंगाखालीच अक्षरं टिकली. १९७० मध्ये ही इमारत पाडायची होती, तेव्हा अलेक्झांडर वाइस नावाच्या एका पार्क रेंजरला टॉर्चच्या उजेडात ती दिसली. मला चिनी वाचता येत नाही, पण तिरप्या उजेडात अक्षरांचे खोल काप दिसतात, बोट लावायची परवानगी नाही, आणि ते बरंच आहे. बायकांची कविता मात्र एकही उरली नाही, त्यांना ठेवलेली इमारत १९४० मध्ये जळाली.

भारतीयांची पण नोंद आहे तिथे. कागदावर सगळ्यांना हिंदू लिहायचे, शीख असो, मुसलमान असो. परत पाठवण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्याच लोकांचं होतं. १९१७ च्या कायद्याने तर बहुतेक आशियाभोवती रेघ मारली आणि आत आपण पण आलो. म्हणजे १८८२ ला चिन्यांसाठी केलेला साचा पस्तीस वर्षांनी आपल्यासाठी तयारच होता. १९१५ मध्ये पेशावरचे वैष्णोदास बगाई बायको कला आणि तीन मुलांना घेऊन याच बेटावरून आले, सॅन फ्रान्सिस्कोत दुकान टाकलं, नागरिक झाले. मग १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि झालेल्यांचं नागरिकत्व पण काढून घ्यायला सुरुवात केली. बगाईंचं गेलं. मालमत्ता विकावी लागली, भारतात जायचं तर परत ब्रिटिश प्रजा म्हणून पासपोर्ट घ्या म्हणाले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बर्कलीत आज कलाताईंच्या नावाचा रस्ता आहे, मी त्यावरून कितीदा तरी गेले असेन.

परतीच्या फेरीत लेक बाबांच्या मांडीवर झोपली. कोणी फार बोललं नाही.

दिवस तिसरा, लॉक आणि सॅक्रामेंटो

गाडीने निघालो, डेल्टातला बांधावरचा रस्ता, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यापेक्षा खाली पेअरच्या बागा. हे बांध १८६० ते १८८० च्या काळात मुख्यतः चिनी मजुरांनी घातले, फावडी आणि ढकलगाड्यांनी, कमरेएवढ्या पाण्यात, मलेरियाच्या दलदलीत. त्यातून निघालेली जमीन आज अमेरिकेतल्या सगळ्यात सुपीक जमिनींपैकी, आणि ज्यांनी ती काढली त्यांना १९१३ च्या कायद्याने ती विकत घेता येत नव्हती. कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याचा, हे बाबांना समजावून सांगावं लागलं नाही, आमच्या आजोबांनी कोकणात खोतीत तेच काढलं.

लॉक हे गाव याच अडचणीतून झालं. १९१५ मध्ये शेजारच्या वॉलनट ग्रोव्हची चिनी वस्ती जळाली, तेव्हा काही जणांनी जॉर्ज लॉक नावाच्या जमीनमालकाशी तोंडी करार करून जागा भाड्याने घेतली आणि आपलं गाव उभं केलं. घर तुमचं, खालची जमीन नाही. ती जमीन घरवाल्यांना विकत घेता आली थेट २००४ मध्ये! १९१३ चा तो कायदा १९५२ मध्येच गेला होता, पण तोवर मुलं शिकून शहरात गेलेली.

एकच मुख्य रस्ता, दोन मजली लाकडी घरं, काही एकमेकांवर कललेली, रंग उडालेला. दाय लॉय नावाचा जुगाराचा अड्डा आता संग्रहालय झालाय, आत टेबलं तशीच. चिनी शाळा बघितली, छोटी बाकं, फळा. इंग्रजी शाळा सुटली की पोरं इथे येऊन बापाची भाषा शिकायची. आमची लेक रविवारी मराठी शाळेत जाते, कुरकुर करत, तिने एका बाकावर बसून बघितलं. आता गावात चिनी घरं मोजकीच. एका अंगणात भोपळ्याचा वेल होता आणि एक आजीबाई पाणी घालत होत्या, बाबांनी हात केला, त्यांनी पण केला.

सॅक्रामेंटोला पोचेपर्यंत चार वाजले, रेल्वे म्युझियमला पाऊण तास मिळाला. इंजिनं जबरदस्त. बाबा फिटर असल्यामुळे तिथून हलेनात.

दिवस चौथा, डोनर समिट आणि ट्रकी

हा दिवस सगळ्यात मोठा. सकाळी हायवे ऐंशीने वर चढत गेलो, सात हजार फूट. लेकीच्या धड्यातली रेल्वे हीच, अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारी. १९९३ मध्ये तिच्या इथल्या जुन्या मार्गावरून गाड्या बंद झाल्या, रूळ काढले, त्यामुळे सहा नंबरच्या बोगद्यातून आता चालत जाता येतं. लांबी १६५९ फूट, म्हणजे पाचशे मीटर. ऐकायला काहीच नाही, पण हा ग्रॅनाइट आहे, आणि १८६६-६७ मध्ये हातोडा, छिन्नी आणि सुरुंगाची काळी दारू एवढंच. तिघांची टोळी, एक पहार धरून फिरवणार, दोघे घण घालणार. रात्रंदिवस काम करून एका तोंडाला दिवसाला साधारण एक फूट. म्हणून मध्ये वरून विहीर खणली आणि चार तोंडांनी काम लावलं, मग नायट्रोग्लिसरीन तिथेच बनवून वापरलं. आणि चारही तोंडं जुळली तेव्हा दोन इंचांचा सुद्धा फरक नव्हता.

आत गार, ओलं, पायाखाली चिखल, भिंतींवर रंगवलेली नावं आणि चित्रं, पोरांनी स्प्रे मारलेला. टॉर्च लावला आणि बाबांना दगडात अर्धगोल खाचा दिसल्या, पहारीच्या. त्यांनी तळवा लावला, मग बोटाने खाच वरून खालपर्यंत चाचपली, आणि म्हणाले, "हा बघ, इथे धरणाऱ्याचा हात दमला होता, पहार थोडी तिरकी गेली, मग परत सरळ केलीये." मी अजून तो क्षण विसरू शकत नाही. दीडशे वर्षांत त्या माणसाच्या हाताबद्दल कोणी एवढं बोललं असेल का.

दहा हजारांच्या वर चिनी मजूर होते या रेल्वेवर, सिएरा पर्वतातलं जवळजवळ सगळं काम त्यांचं. पगारपत्रकात मुकादमाचं नाव आणि पुढे इतकी माणसं, बस. त्या हिवाळ्यात ४४ वादळं आली, लोक बर्फाखाली बोगदे करून त्यातून कामावर जायचे, हिमकडे कोसळून झोपड्याच्या झोपड्या गेल्या आणि प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर सापडली. हाडं गोळा करून गावी पाठवायची पद्धत होती. बाबा म्हणाले आपला बोरघाट पण याच सुमारास झाला की, १८६३ ला गाडी सुरू झाली, तिथे पण हजारो मेले, खंडाळ्याला भजी खाताना कोणाला आठवतात.

१८६७ च्या जूनमध्ये तीनेक हजार चिनी मजुरांनी संप केला, शांतपणे, छावणीत बसून. त्यांना महिना तीस-पस्तीस डॉलर मिळायचे आणि जेवण स्वतःचं, गोऱ्यांना जेवणासकट. मागणी ४० डॉलर आणि कामाचे तास कमी. कंपनीच्या क्रॉकरने धान्याचा पुरवठाच तोडला, डोंगरात दुसरं मिळणार कुठे, आठवड्यात संप मोडला. १० मे १८६९ ला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले, त्या समारंभाच्या प्रसिद्ध फोटोत चिनी मजूर जवळपास दिसतच नाहीत. आणि तेराच वर्षांत त्यांच्या भावाबंदांना देशाचं दार बंद.

बोगद्यापलीकडे थोडं पुढे चायना वॉल. दरी भरून काढलेली दगडी भिंत, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला, रायगडावर बघतो तशी सांध्याला सांधा. सव्वाशे वर्षं आगगाड्या गेल्या तिच्यावरून. तिथे बसून थालीपीठ खाल्लं, खाली डोनर तलाव चमकत होता.

संध्याकाळी ट्रकी. सुंदर गाव, आइस्क्रीमची दुकानं, स्कीवाले. रेल्वे झाल्यावर मोठी चिनी वस्ती इथे होती. १८७६ मध्ये जवळच्या ट्राउट क्रीकला लाकूडतोड्यांच्या झोपडीला रात्री आग लावली आणि बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या घातल्या, एक जण मेला, आरोपी निर्दोष सुटले. वस्ती परत परत जळाली, मग नदीपलीकडे हाकलली. आणि १८८६ मध्ये वर्तमानपत्राचा संपादक आणि वकील असलेल्या मॅकग्लाशनने सांगितलं की गोळी चालवायची गरज नाही, यांना कामावर ठेवू नका, यांच्याकडून काही घेऊ नका, यांना ठेवणाऱ्यांकडून पण घेऊ नका. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणं म्हणतात तेच. काही आठवड्यांत गाव रिकामं. सभ्य मार्ग म्हणून दुसऱ्या गावांनी त्याची नक्कल केली. मला या गोष्टीचा रक्तपातापेक्षा जास्त राग आला, कारण यात गावातला प्रत्येक माणूस सामील होता, दूधवाल्यापासून, आणि प्रत्येकाला रात्री शांत झोप लागली असणार. नदीकाठी चिनी वैदूच्या दुकानाची विटांची इमारत तेवढी उभी आहे, १८७८ ची. दारं बंद होती. बाहेरून बघून आलो.

रात्री हॉटेलात बाबा झोपेनात. मग बोलायला लागले.

माझगावात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका चिनी माणसाचं चपला-बुटांचं दुकान होतं. शाळेचे बूट तिथेच, जमिनीवर वर्तमानपत्र टाकून त्यावर पाय ठेवायला लावायचा आणि पेन्सिलने कडेने रेघ मारायचा, पेन्सिल तळव्याला लागली की गुदगुल्या व्हायच्या. १९६२ च्या दिवाळीनंतर दुकानाला कुलूप. घरच्यांनी सांगितलं गेले ते. कुठे गेले कोणी विचारलं नाही, बाबांनी पण नाही, बारा वर्षांचे होते, युद्ध चालू होतं, पोरांनी फळीवर खडूने काहीबाही लिहिलं होतं. "मी पण लिहिलं," बाबा म्हणाले. त्या वर्षी सरकारने साधारण तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बहुतेक आसाम आणि उत्तर बंगालमधले, घरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं होतं, काही जण तिथे चार-पाच वर्षं होते. त्यातले कित्येक भारतात जन्मलेले. मी हे बाबांना सांगितलं. मुंबईतल्या त्या बूटवाल्याचं काय झालं ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही.

दिवस पाचवा, परत सॅन होजे

उतरताना ट्रॅफिक. घरी जायच्या आधी डाउनटाउनला थांबलो, मार्केट स्ट्रीटजवळच्या मोठ्या हॉटेलपाशी. इथे सॅन होजेचं चायनाटाउन होतं, ४ मे १८८७ ला कोणीतरी आग लावली, हजारच्या वर लोकांची घरंदारं गेली. शहराने २०२१ मध्ये ठराव करून माफी मागितली. मी या हॉटेलच्या लॉबीत ऑफिसच्या पार्ट्यांना किती वेळा आलेय.

घरी आल्यावर बाबांनी चहा सुद्धा घेतला नाही, आधी माझगावच्या त्यांच्या शाळासोबत्याला फोन लावला, तिकडे सकाळचे सात वाजले होते. स्पीकरवर होता. "अरे तो बूटवाला आठवतो का, कोपऱ्यावरचा, त्याचं नाव काय होतं?" पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ते काका म्हणाले, "नाव? आपण चिनाच म्हणायचो ना रे त्याला." बाबा म्हणाले, "हो. तेच म्हणायचो." मग म्हणाले, "शनिवारी देवळाकडे जाऊन येशील का, वर कोणी म्हातारं माणूस असेल तर विचार, बासष्टच्या आधी आपल्या गल्लीत बुटांचं दुकान कोणाचं होतं." काका हो म्हणालेत.